लग्नाआधी गर्भनिरोधनाचे साधन कसे ठरवावे: तीन महिन्यांची पूर्वतयारी

लग्नाला पाच दिवस उरले असताना एक मुलगी आईसोबत दवाखान्यात आली. आईला बाहेर बसवून ती एकटीच आत आली, पर्समधून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली आणि विचारले, "मॅडम, या गोळ्या चालू आहेत, म्हणजे आता लगेच दिवस जाणार नाहीत ना?" पट्टी नॉरएथिस्टेरॉनची होती. मुहूर्ताच्या दिवशी पाळीची अडचण नको, म्हणून आईने ती मेडिकलमधून आणली होती. पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. पाळी ढकलण्याची गोळी ठरलेल्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात आणि ती थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्यानंतरच्या चक्रात बीज नेहमीप्रमाणे बाहेर पडते. म्हणजे नवऱ्यासोबत केरळला जायचे ज्या दिवसांत ठरले होते, त्याच दिवसांत तिला गर्भ राहण्याची शक्यता सर्वाधिक होती.

ही मुलगी शिकलेली होती आणि तिची आई काळजी घेणारी होती, तरीही हा गोंधळ झाला. असे का होते, याचे एक कारण आकडेवारीत दिसते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचे गर्भनिरोधन म्हणजे त्यांची स्वतःची नसबंदी होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. म्हणजे आपल्या आया, मावश्या आणि सासवा यांच्यातील फार मोठ्या वर्गाचा अनुभव दोन मुले झाल्यावरच्या "ऑपरेशन"चा आहे. मूल होण्याआधी, काही काळापुरते वापरायचे साधन त्यांतील अनेकींनी कधी हाताळलेलेच नाही, त्यामुळे घरातून मिळणारा सल्ला प्रेमाचा असला तरी अपुरा ठरतो. म्हणून ही माहिती मुलीने आणि मुलानेही स्वतः मिळवावी आणि लग्नाच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी मिळवावी, असे माझे ठाम मत आहे. तीनच महिने का, ते पुढे तारखांच्या हिशोबात स्पष्ट होईल.

पहिली पायरी: मूल कधी हवे, ते दोघांनी ठरवावे

साधनाची निवड या एका प्रश्नावर सर्वाधिक अवलंबून असते. "सहा-आठ महिन्यांनी बघू", "दोन वर्षे तरी नको" आणि "पाच वर्षे विचारच नाही" या तीन उत्तरांसाठी योग्य साधने वेगवेगळी आहेत. प्रेमविवाहात हा विषय सहसा आधीच निघालेला असतो. पाहून ठरवलेल्या लग्नात मात्र साखरपुडा झाल्यावर रोज तासभर फोनवर बोलणारी जोडपीही नेमके हेच बोलायचे टाळतात. सुरुवात साधनापासून करण्याऐवजी आपल्या बेतापासून करावी, म्हणजे अवघड वाटत नाही. "मला अजून दोन वर्षे परीक्षेचा अभ्यास करायचा आहे, तोवर मूल नको असे मला वाटते, तुम्हाला काय वाटते?" एवढे वाक्य पुरते. त्यावर समोरून "ते आई-बाबा ठरवतील" असे उत्तर आले, तर हा मुद्दा लग्नाआधीच नीट बोलून घेण्याची गरज आहे, हेही कळून येते.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच "गोड बातमी कधी?" अशी विचारणा सुरू होते. तिला तोंड देताना दोघांचे उत्तर एकच असावे, कारण बहुतेक घरांत हा प्रश्न फक्त सुनेला विचारला जातो आणि मुलाने स्वतः पुढे होऊन "आम्ही दोघांनी मिळून थांबायचे ठरवले आहे" असे सांगितले, तर तिच्यावरचे दडपण पुष्कळ हलके होते. पहिले मूल लांबवणे ही काही शहरी किंवा परकी कल्पना नाही. सातारा जिल्हा परिषदेने २००७ साली नवविवाहित जोडप्यांसाठी योजना काढून पहिले मूल दोन वर्षे लांबवल्यास ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवल्यास ७,५०० रुपये देऊ केले होते. त्याही फार आधी, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. मराठी माणसाला हा विषय शंभर वर्षांपासून माहीत आहे. घरात तो मोकळेपणाने बोलणे तेवढे राहून गेले आहे.

दुसरी पायरी: आपल्या तब्येतीची खरी माहिती डॉक्टरांना द्यावी

लग्न न झालेल्या मुली स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला कचरतात, त्यामागे "आतून तपासतील" ही भीती असते. ती भीती इथे मनातून काढून टाकावी. गर्भनिरोधक गोळी सुरू करण्यासाठी आतून तपासणी लागत नाही. रक्तदाब मोजणे आणि काही प्रश्नांची खरी उत्तरे देणे, एवढे बहुधा पुरेसे असते. ती उत्तरे मात्र घरूनच लिहून न्यावीत, म्हणजे आयत्या वेळी काही सुटत नाही.

डोकेदुखीबद्दल नेमकेपणाने सांगावे. अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमक, नागमोडी रेषा किंवा आंधळे ठिपके दिसत असतील, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) असलेली, म्हणजे माला-एनसारखी रोजची गोळी घेऊ नये, कारण अशा स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असल्यास, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग असल्यास हाच नियम लागू होतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला कमी वयात गुठळी झाली असेल, तर तेही सांगावे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्यास तो आवर्जून सांगावा. विदर्भ आणि नंदुरबार भागातील वाचकांनी ही तपासणी लग्नाआधी दोघांचीही करून घेणे हिताचे आहे.

चालू असलेल्या औषधांचा विषय याहून अधिक दुर्लक्षित आहे. क्षयरोगासाठीचे रिफाम्पिसिन आणि फिट्ससाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी काही औषधे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात, त्यामुळे गोळी नियमित घेऊनही दिवस जाऊ शकतात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलट घडते. इस्ट्रोजेनच्या गोळीमुळे त्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते आणि फिट येऊ शकते. सर्दी-खोकल्यासाठी मिळणाऱ्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी मात्र गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही. पीसीओडीसाठी (बीजकोशाच्या, पाळी अनियमित करणाऱ्या त्रासासाठी) आधीच गोळ्या चालू असतील, तर ती पट्टीच सोबत न्यावी, कारण त्यांतील काही गोळ्या मुळात गर्भनिरोधकच असतात. अशा वेळी दुसरी गोळी वाढवायची नसते, चालू आहे तीच नियमाने घ्यायची असते.

याच भेटीत रुबेलाच्या लसीची चौकशी करावी. ती लस घेतल्यावर किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो, म्हणून लग्नाआधीचा काळ तिच्यासाठी सोयीचा असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लसही शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतल्यास अधिक उपयोगी पडते. एचआयव्ही, कावीळ बी आणि थॅलेसेमिया यांच्या तपासण्या दोघांनीही कराव्यात.

तिसरी पायरी: साधनांची ओळख करून घ्यावी

प्रत्येक साधनाला अपयशाचे प्रमाण असते आणि ते दोन प्रकारे मोजतात. एक, साधन अगदी बिनचूक वापरल्यास, आणि दुसरे, माणसे प्रत्यक्षात जसे वापरतात तसे वापरल्यास. नवविवाहितांनी दुसरा आकडा पाहावा. काहीही न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो. स्खलनाआधी बाहेर काढण्याच्या पद्धतीवर विसंबल्यास सुमारे २०, पुरुषाच्या कंडोमवर १३, रोजच्या गोळीवर ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४ आणि गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीवर एकाहून कमी, असे हे प्रमाण आहे. गोळी बिनचूक घेतली, तर सातचा आकडा एकाच्याही खाली येतो. याचा अर्थ या दोन आकड्यांमधील सगळे अंतर विसरण्याचे आणि चुकवण्याचे आहे, म्हणून साधन निवडताना स्वतःच्या स्वभावाचाही प्रामाणिकपणे विचार करावा.

रोजची गोळी. वर्ष-दोन वर्षे थांबायचे असलेल्या आणि तब्येत ठीक असलेल्या मुलीला मी बहुतेक वेळा हीच आधी सुचवते. सरकारी केंद्रांत ती "माला-एन" नावाने मोफत मिळते. पट्टीत २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके असतात आणि शेवटच्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. पट्टीवरच्या बाणांच्या दिशेने रोज एक गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते, आणि त्या संपल्यावर पाळी थांबलेली असो वा नसो, दुसऱ्याच दिवशी नवी पट्टी सुरू करायची. बऱ्याच मुली इथेच चुकतात. पाळी संपायची वाट पाहत त्या दोन-तीन दिवस उशीर करतात आणि नेमके त्याच खंडात बीज तयार होऊ लागते.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, स्तन दुखरे होणे, मधूनच थोडे लाल डाग दिसणे हे त्रास होऊ शकतात आणि ते बहुधा आपोआप कमी होतात. रात्री जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी जाणवते. गोळीमुळे पुढे मूल होत नाही, ही समजूत निराधार आहे. गोळी थांबवल्यावर बीज बाहेर पडणे लवकरच पूर्ववत होते. मात्र एका पायाला सूज येऊन तीव्र वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक असह्य डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आठवड्याची गोळी. सेंटक्रोमॅन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले. १९९१ मध्ये ते "सहेली" या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात "छाया" या नावाने दिले जाते. त्यात संप्रेरके नसल्याने मळमळ आणि उलट्या सहसा होत नाहीत. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी घ्यायची आणि तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी घ्यायची. पहिली गोळी रविवारी घेतली असेल, तर दुसरी बुधवारी, आणि तीन महिन्यांनंतर फक्त दर रविवारी. काहींची पाळी हिने लांबते, त्यामुळे मनात धाकधूक होते. पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबल्यास लघवीची तपासणी करावी. पीसीओडी असलेल्यांनी, तसेच नुकतीच कावीळ झालेल्यांनी आणि क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ही गोळी घेऊ नये.

इंजेक्शन. "अंतरा" हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, घरात गोळ्या ठेवाव्या लागत नाहीत आणि कोणाला कळतही नाही. ज्या घरात सुनेच्या कपाटाला स्वतःचे कुलूप नसते, तिथे ही मोठी सोय आहे. पण पाळी अनियमित होते, काहींची बंदच होते आणि इंजेक्शन थांबवल्यावर गर्भ राहण्यास शेवटच्या डोसापासून सरासरी सात ते दहा महिने लागतात. म्हणून वर्षभरात मूल हवे असल्यास हे निवडू नये.

कॉपर-टी. "मूल झाल्याशिवाय कॉपर-टी बसवत नाहीत" असे सर्रास सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मूल न झालेल्या स्त्रीलाही ती वापरता येते. ३८०-ए प्रकारची दहा वर्षे आणि ३७५ प्रकारची पाच वर्षे चालते, आणि काढल्यावर लगेच गर्भ राहू शकतो. तरीही शरीरसंबंध आलेलाच नसताना ती बसवून घेणे त्रासाचे होऊ शकते, म्हणून तीन-चार वर्षे थांबायचे असलेल्यांनी सुरुवातीला गोळी किंवा कंडोम वापरून लग्नानंतर काही महिन्यांनी कॉपर-टीचा विचार करावा, असे मी सुचवते. पाळीत आधीच खूप रक्तस्राव आणि वेदना होत असतील, तर तांब्याच्या कॉपर-टीने त्या वाढू शकतात. त्यांच्यासाठी संप्रेरक असलेली, "मिरेना" नावाने ओळखली जाणारी टी चांगली असते, पण ती महाग पडते.

कंडोम. नवरदेवाच्या हाती असलेले तात्पुरते साधन हे एकच आहे आणि लैंगिक संसर्गापासून संरक्षण देणारेही हेच आहे, म्हणून त्याने ते लग्नाआधी नीट शिकून घ्यावे. पाकिटावरील मुदतीची तारीख पाहावी आणि पाकीट दातांनी किंवा कात्रीने न फाडता कडेने हाताने फाडावे. ताठरता आल्यावर, योनीशी कसलाही स्पर्श होण्याआधी, कंडोमचे टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढावी आणि तो मुळापर्यंत उलगडावा. स्खलन झाल्यावर ताठरता असतानाच कंडोमची कड हाताने धरून बाहेर यावे, गाठ मारून कागदात गुंडाळावा आणि कचऱ्यात टाकावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन कधीही लावू नये, त्याने रबर कमकुवत होऊन फाटते. पहिल्या काही वेळा कोरडेपणा वाटतोच, त्यासाठी पाण्यावर आधारित जेल आणून ठेवावे. महिनोन्महिने पैशांच्या पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला कंडोम उन्हाने खराब होतो. एकावर एक असे दोन कंडोम घातल्याने संरक्षण वाढत नाही, फाटण्याची शक्यता वाढते.

सुरक्षित दिवस. बीज साधारणतः पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडते, ते एक दिवसभर टिकते आणि शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. ज्यांचे चक्र नियमितपणे २६ ते ३२ दिवसांचे आहे, त्यांनी पाळीच्या आठव्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपावे, असा हिशोब आहे. परंतु लग्नाच्या महिन्यात जागरणे, प्रवास, ताण आणि पाळी ढकलण्याच्या गोळ्या यांमुळे चक्र हमखास विस्कटते. पहिल्या वर्षी या पद्धतीवर विसंबू नये.

चौथी पायरी: तारखांचा हिशोब कागदावर मांडावा

कॅलेंडर समोर घेऊन एक उदाहरण पाहू. लग्न १२ डिसेंबरला आहे, चक्र २८ दिवसांचे आहे आणि १३ ऑक्टोबरला पाळी आली आहे. काहीच केले नाही, तर पुढच्या पाळ्या १० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबरला येतील, म्हणजे हळद आणि लग्न दोन्ही पाळीतच. आता माला-एन १३ ऑक्टोबरलाच सुरू केली, तर संप्रेरकांच्या गोळ्या २ नोव्हेंबरपर्यंत आणि लोहाच्या ९ नोव्हेंबरपर्यंत चालतील. दुसरी पट्टी १० नोव्हेंबरला सुरू होऊन तिच्यातील संप्रेरकांच्या गोळ्या ३० नोव्हेंबरला संपतील, पाळी ३ डिसेंबरच्या आसपास येऊन जाईल आणि तिसरी पट्टी ८ डिसेंबरला सुरू होईल. लग्नाच्या दिवशी त्या पट्टीतील पाचवी गोळी असेल. पाळी ढकलण्याची वेगळी गोळी लागली नाही, संरक्षणही मिळाले आणि मळमळीचे पहिले दोन महिने माहेरीच निघून गेले.

लग्नाची तारीख लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात येत असेल, तर त्या चक्रापुरत्या लोहाच्या गोळ्या सोडून संप्रेरकांच्या गोळ्यांची नवी पट्टी लगेच सुरू करावी, पाळी आपोआप पुढे जाते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केल्यास संरक्षण तेव्हापासूनच मिळते. एरवी सुरू केल्यास पहिले सात दिवस कंडोमही वापरावा. तीन महिन्यांचा आग्रह मी धरते तो या हिशोबासाठी, शिवाय एखादी गोळी मानवली नाही, तर दुसरी वापरून पाहण्याएवढा वेळ हाताशी राहतो.

पाचवी पायरी: साधने कुठून आणावीत

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि महापालिकेचे दवाखाने इथे निरोध, माला-एन, छाया, अंतरा आणि कॉपर-टी मोफत मिळतात. गावात आशाताईंकडेही निरोध आणि गोळ्या असतात. गावात सगळे ओळखीचे असल्याने संकोच वाटत असेल, तर तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात जावे. लग्न करून परदेशी जाणाऱ्या मुलींनी किमान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी, कारण जर्मनीसारख्या देशांत चिठ्ठीशिवाय या गोळ्या मिळत नाहीत आणि तिथल्या डॉक्टरांची वेळ मिळायला दिवस लागतात.

सहावी पायरी: चूक झाल्यास काय करायचे, ते आधीच लिहून ठेवावे

एक गोळी विसरल्यास आठवताच ती घ्यावी आणि पुढची ठरलेल्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा अधिक संप्रेरकांच्या गोळ्या चुकल्यास आठवताच एक घ्यावी, पट्टी पुढे चालू ठेवावी आणि सात दिवस कंडोम वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल, तर लोहाच्या गोळ्या टाळून थेट नवी पट्टी सुरू करावी. पहिल्या आठवड्यात चूक झाली असेल आणि संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा विचार करावा. लोहाच्या गोळ्या चुकल्याने संरक्षणात फरक पडत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर आणखी एक गोळी घ्यावी. घाटातून जाताना गाडी लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून गोळीची वेळ रात्रीची ठरवावी.

कंडोम फाटला किंवा काहीच वापरले नाही, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी, आणि त्यातही जितकी लवकर तितकी चांगली. ती चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. त्यानंतर पाळी पुढे-मागे होते. आठवड्याहून जास्त लांबल्यास लघवीची तपासणी करावी. मधुचंद्राच्या आठवड्यात ही गोळी तीन-तीन वेळा घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना दरवेळी हेच सांगावे लागते की ही गोळी नेहमीचे साधन म्हणून वापरण्याइतकी खात्रीची नाही, आणि ती घेतल्यानंतरच्या संबंधांपासून ती संरक्षण देत नाही.

एवढे करूनही नको असताना दिवस गेले, तर मेडिकलमधून स्वतःच गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. गर्भ नळीत असल्यास त्या जिवावर बेतू शकतात. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला असून, साधन अयशस्वी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने काढता येतो आणि ही तरतूद आता विवाहित स्त्रियांपुरती राहिलेली नाही. सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही.

लग्न तोंडावर आले असेल तर

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीकडे तीन महिने नव्हते, पाचच दिवस होते, आणि अशा स्थितीतील वाचकही पुष्कळ असतील. तिचा रक्तदाब मोजला, तो ११०/७० होता. अर्धशिशी नव्हती, घरात कोणाला गुठळीचा त्रास नव्हता. पाळी ढकलण्याची गोळी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू ठेवून थांबवायची, दोन-तीन दिवसांनी पाळी आली की पहिल्याच दिवशी माला-एन सुरू करायची, आणि आज ना उद्या सुरू होणाऱ्या संबंधांसाठी पहिल्या दिवसापासून ती पट्टी सुरू होऊन, खबरदारी म्हणून, सात दिवस पुरे होईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम वापरायचा, असे ठरले. होणाऱ्या नवऱ्याला तिने तिथूनच फोन लावला आणि मी त्याला कंडोम कसा वापरायचा ते दहा मिनिटे समजावून सांगितले. तो गाडी बाजूला घेऊन ऐकत होता आणि मध्येच थांबवून त्याने तेलाबद्दलचा मुद्दा पुन्हा विचारून घेतला. गोळीची वेळ रात्री साडेनऊची ठरली आणि त्या वेळेचा गजर दोघांनीही आपापल्या मोबाईलवर लावला. तीन महिन्यांनी रक्तदाब तपासायला यायचे आणि मूल हवे असे ठरेल तेव्हा गोळी थांबवण्याच्या एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यायचे, हे तिने निमंत्रणपत्रिकेच्या पाकिटामागे लिहून घेतले आणि ते पाकीट घडी घालून गोळ्यांच्या पट्टीसोबत पर्समध्ये ठेवले.